आठ महिने लोकेशन-नोंदीचं अ‍ॅप: आईची मंडईची फेरी कुठे गेली?

लोक शहरात कसे फिरतात याच्या अभ्यासासाठी हे अ‍ॅप मी आठ महिने वापरतोय. आईच्या फोनवरही टाकलंय. पहिल्या आठवड्यात नकाशावरची रेघ बघून हरखून गेलो होतो. मग खिशात वही ठेवायला लागलो: किती वाजता निघालो, कुठली बस, कुठे उतरलो. रात्री दोन्ही ताडून बघायचं.

पुण्यात तळजाईच्या टेकडीवर अ‍ॅपचे ठिपके पायवाटेवरच पडतात. पेठांत मात्र उपग्रहाचा सिग्नल भिंतींवर आपटून उशिरा पोचतो आणि ठिपका शेजारच्या बोळात जातो. अ‍ॅप ‘अचूकता १० मीटर’ दाखवतं. अँड्रॉइडवर याचा अर्थ, आपण त्या वर्तुळात असण्याची शक्यता सुमारे ६८ टक्के. हे कळल्यावर आधीचं सगळं गणित मी पुन्हा मांडलं.

मेट्रोत शिवाजीनगरच्या आधीच गाडी भुयारात शिरते. ठिपके थेट स्वारगेटला वर येतात, मध्ये सरळ रेघ, आणि प्रवासाचं साधन ‘कार’! किती वेळ थांबल्यावर फेरी संपली धरायची, या थांब्याच्या नियमाचंही तसंच. दोन मिनिटं धरली तर विद्यापीठ चौकातल्या सिग्नलवर एका बसप्रवासाचे दोन होतात. पाच केली तर वाटेत दूध घ्यायला थांबलेलं नाहीसं होतं. मी तीनवर आलोय, तेही समाधानकारक नाही.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते आईचं. ती जवळजवळ रोज शनिवार पेठेतून मंडईत चालत जाते, फोन कापडी पिशवीच्या तळाशी. अ‍ॅपमध्ये ती फेरी आठवड्यातून जेमतेम दोनदा दिसायची. बाकीचे दिवस ‘घरीच’. बॅटरी वाचवायला फोन अ‍ॅपला झोपवतो. जागं झाल्यावर उपग्रहांचा सिग्नल पुन्हा पकडायलाच वेळ जातो, बोळात आणखी जास्त. उरलेला तुकडा इतका छोटा की अ‍ॅप तो चूक समजून टाकून देतं. स्कूटरवाल्याची फेरी टिकते, चालणाऱ्या बाईची गळते. उद्या याच आकड्यांवरून फुटपाथ किती रुंद हवा हे ठरलं, तर आईसारख्यांना कोण मोजणार?

आता तिच्या फोनवर या अ‍ॅपपुरती बॅटरी-बचत बंद केली आहे. चार्जिंग दुपारीच संपतं, पण बऱ्याच फेऱ्या परत आल्या. तरी रोज संध्याकाळी तिच्यासमोर नकाशा धरून विचारतो, “आई, आज कुठे कुठे गेली होतीस?” ती बोट ठेवून सांगते आणि मी सुटलेली फेरी हाताने भरतो. अ‍ॅपमध्ये कच्चे ठिपके उतरवून घेता येतात, म्हणून ते अजून वापरतोय.