सात लाकडी तुकडे आणि कोल्ह्याची उघडी तंगडी

मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायला लागून मला एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत कोल्हा काढायचा म्हटलं की हात आपोआप तोच कोल्हा काढायला लागला होता : टोकदार नाक, तिरपे डोळे, झुपकेदार शेपूट. कुणाची तक्रार नव्हती. मलाच कंटाळा आला होता. म्हणून टॅनग्रॅमचा, म्हणजे तुकडे जुळवून आकृत्या मांडायच्या खेळाचा, हा लाकडी संच घेतला. तीन महिने वापरल्यावर लिहितेय.

सरकत्या झाकणाच्या डबीत सात तुकडे येतात : दोन मोठे त्रिकोण, एक मधला, दोन छोटे, एक चौरस आणि एक समांतरभुज चौकोन. नियम इतकेच, की सातही वापरायचे, ते एकमेकांना टेकले पाहिजेत आणि एकावर एक चढवायचे नाहीत. खेळ मूळचा चीनचा. १८१७-१८ च्या सुमारास त्याने युरोप-अमेरिकेत मोठ्या माणसांनाही वेड लावलं होतं, त्यामुळे डबीवरचं 'वय ४ ते ८' मी मनावर घेतलं नाही.

लाकूड चांगलं जड आहे, कडा हाताला लागत नाहीत. फोनवर याचे फुकट खेळ मिळतात, पण तिथे तुकडा जागेजवळ नेला की तो स्वतःच चिकटतो. इथे टेबलाला धक्का लागला की घोडा मोडतो, आणि मोडलेल्या घोड्यात कधीकधी बदक दिसतं.

आता तक्रारी. सोबतच्या पुस्तिकेचा कागद इतका पातळ, की पानामागे छापलेलं उत्तर पुढून दिसतं. कोडं घालतानाच चहाडी! दुसरी तक्रार मोठी. नारिंगी रंग एकाच बाजूला दिलाय. सहा तुकड्यांना पलटवायची गरजच पडत नाही, पण समांतरभुज चौकोन कितीही फिरवला तरी त्याचं आरशातलं रूप मिळत नाही, तो उलटाच करावा लागतो. आणि उलटा केला की नारिंगी चित्रात कोरं लाकूड. मी चिडून कंपनीला ईमेल टाकला.

उत्तर यायच्या आत एका रात्री पळणारा कोल्हा मांडला. मागची तंगडी म्हणजे तोच उलटा तुकडा. सगळा कोल्हा नारिंगी आणि एक तंगडी उघडी, जणू घाईत एक मोजा घरीच राहिलाय. मी बराच वेळ एकटीच हसत होते. मग तसाच तो कागदावर उतरवला. संपादकबाईंनी शेपूट पुन्हा झुपकेदार करायला लावली, ती केली. तंगडीला मात्र हात लावू दिला नाही. कंपनीने संच बदलून द्यायची तयारी दाखवली, तेव्हा 'राहू द्या' म्हणून कळवलं.

त्यानंतर मला हाव सुटली. रोज सकाळी वीस मिनिटं टॅनग्रॅम, प्रत्येक मांडणीचा फोटो, फोटोंसाठी 'कल्पना' नावाचं फोल्डर. पंधरा दिवसांत फोल्डरमध्ये चाळीस फोटो आणि एकही धड प्राणी नाही. सगळे कसे नोकरीला निघाल्यासारखे दिसत होते. फोल्डर उडवलं. आता तुकडे फोनशेजारी पडलेले असतात, आणि माझा कर भरून देणाऱ्या माणसाशी बोलताना डाव्या हाताने जे होतं ते सहसा बरं असतं. वेळापत्रक लावून नव्या कल्पना काढायला कुणी हा संच घेणार असेल, तर पैसे वाचवा. हात रिकामे बसत नसतील तर जरूर घ्या. पाचपैकी चार तारे. एक पुस्तिकेच्या कागदापायी कापला.

सध्या एक वेगळाच नाद लागलाय. बाहेरून कुठेही खाच नसलेले आकार या सात तुकड्यांतून फक्त १३ बनतात, हे १९४२ मध्ये दोन चिनी गणितज्ञांनी सिद्ध केलं : एक त्रिकोण, सहा चौकोन, दोन पंचकोन, चार षटकोन. माझ्या कामाला याचा काडीचाही उपयोग नाही. तरी झोपायच्या आधी तेच चालू असतं. नऊ झालेत. त्रिकोण आणि सहाही चौकोन जमले, षटकोन एकच, आणि दुसरा पंचकोन काही केल्या हाती लागत नाही. पुस्तिकेत तो आहे, पण ते पान मी डिंकाने चिकटवून टाकलंय.