संयोजी ऊतींच्या स्लाइड्सचा डबा: नऊ महिन्यांनंतर

डबा आला त्याच दिवशी लिहायला बसले असते, तर पाचपैकी 5 तारे देऊन मोकळी झाले असते. आता साडेतीन देते.

मी इंदूरला टिळकनगरात घरीच नववी ते बारावीचं जीवशास्त्र शिकवते. मुलं बरीचशी मराठी घरांतली, पण शाळा हिंदी नाहीतर इंग्रजी. त्यामुळे ऊतींचा धडा आला की आमच्याकडे दरवर्षी शब्दांची मारामारी. मराठीत पेशी म्हणजे सेल, हिंदीत पेशी म्हणजे मसल. मराठीत स्नायू आखडतो. हिंदी पुस्तकातला 'स्नायु' हाडाला हाड बांधतो, म्हणजे आपला अस्थिबंध. आणि स्नायूला हाडाशी जोडणारा आपला स्नायुरज्जू तिकडे 'कंडरा' होतो. गेल्या वर्षी एका मुलाने चाचणीत 'स्नायु सिकुड़ता है' लिहिलं आणि मार्क गेले. घरी बरोबर, शाळेत चूक. भांडत बसण्यापेक्षा वस्तूच दाखवावी म्हणून ऑक्टोबरात हा डबा मागवला. 25 खाचांचा, लाकडी. त्यातल्या 10 स्लाइड्स संयोजी ऊतींच्या, म्हणजे शरीराचे भाग जोडणाऱ्या, त्यांना आधार देणाऱ्या ऊतींच्या (कनेक्टिव्ह टिशू). 1,400 रुपये पडले. सूक्ष्मदर्शक माझा जुनाच, आरशावर चालणारा, 100 आणि 400 पट दाखवणारा. तेवढा पुरतो.

पहिली लावली ती स्नायुरज्जूची. गुलाबी तंतू सगळे एकाच दिशेने, किंचित लहरत गेलेले, आणि त्यांच्या फटींत जांभळी केंद्रकं ओळीने, धावदोऱ्याचे टाके घातल्यासारखी. मुलं पेशी शोधत राहिली. पेशी मोजक्याच, बाकी सगळं त्यांनीच तयार करून बाहेर टाकलेलं कोलॅजन नावाचं तंतुमय प्रथिन. या ऊतींची ही गंमत चित्रात कधीच कळत नाही. इथे पेशींपेक्षा त्यांच्या मधला भराव मोठा, आणि कामही तोच करतो. तो दोरखंडासारखा असेल तर स्नायुरज्जू, लवचीक पण घट्ट असेल तर कास्थी (कार्टिलेज), कॅल्शियमच्या क्षारांनी कडक झाला तर हाड, पातळच राहिला तर रक्त. 'रक्त कसं काय संयोजी?' हा प्रश्न दरवर्षी येतो. प्लाझ्मा हाच त्याचा भराव म्हटलं की निम्मी मुलं मान डोलावतात, निम्मी माझ्याकडे संशयाने बघतात. रक्ताची स्लाइड ठीकठाक आहे, जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

कोलॅजनचा विषय निघाला की मी आपले शास्त्रज्ञ रामचंद्रन यांना आणतेच. त्याच्या रेणूची तीनपेडी वेणी जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी मद्रासला बसून 1954-55 मध्ये उलगडली. त्यासाठी वापरलेलं कोलॅजन कांगारूच्या शेपटीच्या स्नायुरज्जूतलं होतं. कांगारू ऐकला की मागच्या बाकावरचेही जागे होतात.

मेदऊतीची स्लाइड पाहून मी तक्रारच लिहायला घेतली होती. चरबीचा पत्ता नाही, नुसती रिकामी जाळी! मग आठवलं, तुकडा मेणात बसवण्याआधी अल्कोहोल आणि झायलिनमधून काढतात, त्यात चरबी विरघळून जाते. मागे राहते पेशीची पातळ कड आणि एका बाजूला रेटलेलं केंद्रक, खड्याच्या अंगठीसारखं. स्लाइड बरोबर होती, चूक माझी. विरल ऊतीची मात्र फार सुरेख निघाली. ती कापलेली नसून पसरलेली असते, त्यामुळे बारीक स्क्रू फिरवत गेलं की जाडे तंतू, केसासारखे बारीक तंतू आणि मधल्या पेशी एकेक करून वर येतात. कातडीखाली, अवयवांच्या मध्ये, जिथे जागा दिसेल तिथे ही ऊती भरलेली असते.

पण डब्याचे पैसे वसूल होतात ते हाडाच्या स्लाइडवर. घासून घासून कागदासारखा पातळ केलेला तुकडा, रंग नाही, काही नाही. मधे एक नळी, तिच्याभोवती कड्यांमागे कडी, कड्यांत काळे ठिपके आणि ठिपक्यांतून कोळ्याच्या पायांसारख्या रेषा. ते ठिपके म्हणजे पेशींची रिकामी घरं. पेशी केव्हाच गेल्या, आत हवा भरली, म्हणून काळी दिसतात. मधल्या नळ्यांना ज्याचं नाव मिळालं त्या क्लॉप्टन हॅवर्सने त्यांचं वर्णन 1691 मध्ये छापलं.

कास्थीची स्लाइड आमच्या सासूबाईंनीही पाहिली. त्यांना 'गुडघ्यातली गादी झिजलीय' एवढंच सांगितलेलं; ती गादी म्हणजे ही कास्थीच. निळसर, काचेसारखा भराव, त्यात खोबणींमधून दोन-दोन, चार-चार पेशी. मी म्हटलं, "आई, यात रक्तवाहिनी शोधून दाखवा." बराच वेळ डोळा लावून बसल्या. नसतेच ती. सांध्यातल्या द्रवातून जे झिरपेल त्यावर या पेशी जगतात, म्हणून झीज सहजी भरून येत नाही. हाडात मात्र रक्त खेळतं. "म्हणजे एवढं दणकट हाड जुळतं आणि मऊ गादी जुळत नाही? उलटाच कारभार!" म्हणाल्या आणि पोळ्या करायला गेल्या.

आता दीड तारा कुठे गेला ते. कानाच्या लवचीक कास्थीची स्लाइड साध्याच गुलाबी-जांभळ्या रंगाची आहे. तिच्यातले लवचीक तंतू नीट उठून दिसायला वेगळा रंग लागतो, त्यामुळे ही आणि साधी कास्थी यांतला फरक मुलांना दाखवताच येत नाही. प्लीहेच्या जाळीदार ऊतीचंही तेच, तिला चांदीचा रंग हवा. विक्रेत्याला फोन केला तर उत्तर आलं, "मॅडम, सबमें यही कलर आता है." घेण्याआधी या दोन स्लाइड्सचे फोटो मागून घ्या. एकीच्या कडेला हवेचा बुडबुडा आहे, तो चालवून घेतला.

दोन स्लाइड्स माझ्यामुळे उडाल्या. मे महिन्यात डबा पश्चिमेच्या खिडकीत उघडा राहिला आणि गुलाबी रंग पार विटला. कपाटात, अंधारात, स्लाइड्स आडव्या राहतील असा ठेवा.

आणि सगळ्यात कहर म्हणजे, ज्या शब्दावरून एवढं रामायण झालं, त्या अस्थिबंधाची स्लाइडच डब्यात नाही. यादी मी नीट वाचली नव्हती. परवा ती एक स्लाइड वेगळी मागवली. फोनवर स्नायु म्हणू की अस्थिबंध, क्षणभर विचार केला आणि सरळ 'लिगामेंट' म्हटलं.