चाळीसगावपर्यंत रेल्वे, पुढे पाटणादेवी : साठीपुढच्यांसाठीच्या एकदिवसीय डोंगरसहलीचे परीक्षण

जळगावहून सकाळी रेल्वेने निघायचे, चाळीसगावला उतरून पाटणादेवीच्या डोंगरात चालायचे आणि रात्रीच्या जेवणाला घरी परतायचे, अशी एक दिवसाची सहल आमच्या गावातील दोन तरुण साठीपुढच्या पण चालत्याफिरत्या माणसांसाठी काढतात. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी आणि माझे यजमान तिला जाऊन आलो. माझे वय ६६, यजमानांचे ७१, आणि त्यांच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया चार वर्षांपूर्वी झालेली आहे. आम्ही एकूण चौदा जण होतो. सर्वांत वडील असलेले बापू ७८ वर्षांचे होते. माणशी १,१५० रुपयांत रेल्वेचे तिकीट, चाळीसगावपासूनचे वाहन, नाश्ता, जेवण आणि वाटाड्या एवढे मिळाले.

ज्येष्ठांच्या सहली म्हणून ज्या विकल्या जातात, त्यांपैकी बहुतेक सहलींत माणसाला देवळाच्या दारात उतरवतात, दर्शन घडवतात आणि पुन्हा गाडीत बसवतात. ज्यांचे पाय अजून शाबूत आहेत त्यांच्यासाठी हा दिवस फार लांबतो. या सहलीत चालणे हाच मुख्य भाग आहे आणि ते चालणे किती, कसे आणि कोणत्या वेळेत, याचा हिशेब आयोजकांनी मनापासून केलेला आहे. माझे परीक्षण मुख्यतः त्या हिशेबाविषयी आहे.

निघण्याच्या आठ दिवस आधी त्यांच्यापैकी एकाचा फोन आला. वय विचारून तो थांबला नाही. घरी किती मजले चढता, मध्ये थांबावे लागते का, पायऱ्या उतरताना कठडा धरावा लागतो का, सकाळी कोणत्या गोळ्या घेता, असे त्याने दोघांनाही वेगवेगळे विचारले. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी माझ्या यजमानांना सकाळी घ्यावी लागते, हे ऐकल्यावर त्याने सांगितले, “काका, त्या दिवशी गोळी कधी घ्यायची ते तुमच्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा, आम्ही आमच्या मनाने काही सांगणार नाही.” हे उत्तर मला फार आवडले. त्यानंतर मोठ्या टायपात छापलेला एक कागद घरी आला. त्यावर निघण्याची, पोहोचण्याची, खाण्याची आणि मागे वळण्याची वेळ दिलेली होती.

मी ३१ वर्षे शाळेत गणित शिकवले, त्यामुळे तो कागद मी जरा अधिक बारकाईने वाचला. आयोजकांनी दिवस सकाळपासून पुढे मोजलेला नव्हता, परतीच्या गाडीपासून मागे मोजलेला होता. संध्याकाळच्या गाडीच्या आधी दीड तास चाळीसगाव स्थानकात असायचे, त्यासाठी पाटणादेवीहून अमुक वाजता निघायचे, त्यासाठी जेवण अमुक वाजता, आणि म्हणून डोंगरात कुठेही असलो तरी साडेबाराला मागे वळायचे. चढण्याचा वेग गटातील सर्वांत हळू चालणाऱ्याचा धरलेला होता आणि उतरण्यासाठीही तेवढाच वेळ दिलेला होता. तरुण माणसे उताराला अर्धा वेळ धरतात. पण गुडघ्यावर खरा भार उतरतानाच येतो, आणि साठीनंतर उतार हाच चढापेक्षा जपून करावा लागतो. हे ज्याला कळले, त्याने ही सहल कागदावर बसून आखलेली नाही, असे समजावे.

बसऐवजी रेल्वे का, याचे उत्तर पहिल्या तासातच मिळते. जळगाव ते चाळीसगाव हे सुमारे ९० किलोमीटरचे अंतर आहे. बसमध्ये तेवढा वेळ पाय दुमडून बसायचे आणि उतरल्यावर लगेच चढायचे म्हणजे सांधे आखडलेलेच राहतात. गाडीत उठता येते, दोन पावले चालता येते, डब्यात शौचालय असते. आयोजकांनी आम्हाला आवर्जून डाव्या बाजूच्या खिडक्यांकडे बसवले. म्हसावद, माहेजी, पाचोरा अशी स्थानके मागे पडत होती. शिरसोलीच्या बाजूची केळी, पुढे शेवटच्या वेचणीचा कापूस, गुडघाभर वाढलेली दादर ज्वारी आणि हरभरा दिसत होता. आणि नगरदेवळा ओलांडल्यावर डावीकडे सातमाळ्याची रांग हळूहळू उंच होत गेली. जिथे चालायचे आहे तो डोंगर गाडीतूनच आधी ओळखीचा व्हावा, ही कल्पना चांगली होती.

चाळीसगावहून पाटणा साधारण १८ किलोमीटरवर आहे. हा सारा भाग गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येतो. १९८६ साली घोषित झालेले हे सुमारे २६० चौरस किलोमीटरचे रान जळगाव आणि छत्रपती संभाजीनगर अशा दोन जिल्ह्यांत पसरलेले आहे. पाटणादेवी म्हणजेच चंडिकादेवी, तिचे मंदिर तिन्ही बाजूंनी उभ्या राहिलेल्या डोंगरांच्या कुशीत, डोंगरी नदीच्या काठाला आहे. दर्शन झाल्यावर आमचे दोन गट केले गेले, आणि ते कोणी कोणावर लादले नाहीत. एका गटाने प्रवाहाच्या कडेने धवलतीर्थ या धबधब्याकडे जायचे होते, ती वाट तुलनेने सपाट पण दगडगोट्यांची आहे. दुसऱ्या गटाने कण्हेरगडाच्या अंगावरील लेण्यांपर्यंत चढायचे होते. यजमान धवलतीर्थाकडे गेले, मी गडाकडे.

आमच्याबरोबरचा वाटाड्या जवळच्याच गावचा होता. दर वीस मिनिटांनी तो थांबायचा आणि तहान लागलेली असो वा नसो, प्रत्येकाला घोटभर पाणी प्यायला लावायचा. वय वाढले की तहानेची जाणीव कमी होते, म्हणून हा नियम मला डोंगरातील सर्वांत उपयोगी नियम वाटतो. बापू मधूनच वेग वाढवू लागले की तो मागून म्हणायचा, “धीरे धीरे चाला बापू, डोंगर काय पळी जास का?” अहिराणीतील त्या एका वाक्याने बापूंची चाल पुन्हा ताळ्यावर यायची, जे सूचनांच्या कागदाने झाले नसते. अंजन आणि पळसाच्या विरळ सावलीतून चढत, कातळातील पायऱ्यांवर काठी आधी आणि पाय नंतर टेकवत आम्ही नागार्जुन कोठी या लेण्यापर्यंत पोहोचलो. काठ्या आयोजकांनीच आणल्या होत्या आणि प्रत्येकाच्या कोपराच्या उंचीला जुळेल अशी काठी निवडून दिली होती. कोठीच्या ओसरीत खांबांमागे गार सावली असते, आतील भिंतीवर तीर्थंकरांची मूर्ती आहे आणि बाहेर वळून पाहिले की मंदिराचा सारा परिसर पायाशी दिसतो. सीतेची न्हाणी त्याच डोंगरावर पुढे आहे, पण तिथे जाईपर्यंत साडेबारा झाले असते. आमच्यापैकी दोघांचा आग्रह होता की दहाच मिनिटांचा प्रश्न आहे. आयोजक तरुणाने हात जोडले आणि गट मागे वळवला. त्या दोघांना वाईट वाटले. मला मात्र तिथेच या सेवेची खात्री पटली.

याच जागी माझी एक तक्रारही आहे. मंदिराजवळ बसवून आम्हाला सांगण्यात आले की भास्कराचार्यांचा जन्म इथेच झाला आणि त्याचा शिलालेख इथे आहे. शिलालेख आहे, हे खरे, तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. पण त्यात जे आहे ते जन्माच्या दाखल्याहून कितीतरी मोलाचे आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ‘सिद्धांतशिरोमणी’ आणि इतर ग्रंथांच्या अध्ययनासाठी पाटण येथे मठ काढला आणि यादवांचे मांडलिक असलेल्या निकुंभ राजांनी त्याला दान दिले, अशी ती नोंद आहे. दानाचे वर्ष शके ११२८. भास्कराचार्यांनी स्वतः आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाला असलेले विज्जडविड असे सांगितले आहे आणि ते नेमके कोणते, यावर विद्वानांत मतभेद आहेत. आपल्या चाळीसगाव तालुक्यात आठशे वर्षांपूर्वी गणित शिकवण्यासाठी स्वतंत्र मठ होता, ही गोष्ट सांगितली तर ऐकणाऱ्याचा ऊर भरून येईल. तिच्यासाठी पुराव्यापलीकडे जाण्याची गरज नाही. मी हे आयोजकांना लेखी कळवले आहे.

यापेक्षा गंभीर दोष म्हणजे शौचालयांचा. मोठ्या टायपातील त्या कागदावर प्रत्येक थांब्याची वेळ होती, पण कोणत्या थांब्यावर शौचालय आहे आणि त्यानंतर किती वेळ ते मिळणार नाही, याविषयी एक ओळही नव्हती. परिणामी आम्हा सहा बायकांपैकी चौघींनी सकाळपासून पाणी जपून प्यायले, कारण पुढचे ठाऊक नव्हते. डोंगरात पाणी प्या म्हणून आग्रह करायचा आणि त्याची दुसरी बाजू सांगायची नाही, हे दोन्ही एकत्र चालत नाही. दोन तरुण मुलांना हे सुचले नाही, यात त्यांचा वाईट हेतू नाही. परंतु साठीपुढच्या प्रवाशांसाठी आखलेल्या सहलीत हीच माहिती सर्वांत आधी यायला हवी.

चाळीसगावपासूनचे वाहन क्रूझर होते. तिची पायरी उंच आहे, मागची बाके आडवी आहेत आणि तिथे बसलेल्याला गुडघे समोरच्याच्या गुडघ्यांत अडकवून बसावे लागते. एक लाकडी पाट किंवा स्टूल गाडीत ठेवले असते तर चढउतार सोपी झाली असती. जेवण परतल्यावर होते, हे योग्यच. कळण्याची भाकरी, हिरव्या वांग्याचे भरीत आणि ठेचा हा बेत उत्तम होता. जळगावच्या भरीत वांग्याला भौगोलिक मानांकन आहे आणि थंडीत त्याची चव असते तशी एरवी नसते. पण सकाळच्या नाश्त्याला, चढायच्या तासभर आधी, तर्रीदार मिसळ देणे मला पटले नाही. उपमा किंवा केळी पुरेशी होती, आणि केळी तर आपल्याकडे शोधावी लागत नाहीत.

ज्यांना स्वतःच जायचे आहे त्यांच्यासाठी थोडे लिहिते. रेल्वेतील ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० पासून बंद आहे, त्यामुळे तिकीट पूर्ण पडते. पण एवढ्या अंतराचे साधे तिकीट तसेही स्वस्त आहे. एसटीत ६५ ते ७५ वयाच्या प्रवाशांना अर्धे भाडे आणि ७५ पूर्ण झालेल्यांना मोफत प्रवास आहे. तरी पाटणादेवीसाठी चाळीसगावहून परतीसह वाहन ठरवून घेतलेलेच बरे. मनमाड ते जळगाव तिसऱ्या मार्गिकेच्या कामासाठी वेळोवेळी ब्लॉक घेतले गेले आहेत, म्हणून आदल्या दिवशी गाड्यांची चौकशी केल्याशिवाय निघू नये. कड्यांच्या कपारीत आग्या मोहोळे असतात. अत्तर लावून जाऊ नये आणि लेण्यांजवळ धूर करू नये. मंदिरापाशी वानरे असतात, हातात पिशवी दिसू देऊ नये.

पावसाळ्यात हिरवाई आणि धबधबे पाहण्यासाठी तरुणांची गर्दी होते, पण आयोजक जुलै ते सप्टेंबर ही सहल बंद ठेवतात आणि मी त्यांच्या बाजूने आहे. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी याच डोंगरात झालेल्या अतिवृष्टीने तितूर आणि डोंगरी नद्यांना पूर आला, चाळीसगावात पाणी शिरले आणि कन्नड घाटात दरडी कोसळल्या. जिथे पाणी चढायला अर्धा तास लागत नाही, तिथे वेगाने बाजूला होऊ न शकणाऱ्या माणसाला नेऊ नये. नवरात्रात यात्रेची गर्दी असते. नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ योग्य. आम्ही गेलो तेव्हा धवलतीर्थाची धार बारीक झाली होती, पण कुंडात पाणी होते, असे यजमान सांगतात.

स्थानकावर आम्ही ठरल्याप्रमाणे दीड तास आधी पोहोचलो आणि तो वेळ फलाटावर बसून गेला. स्थानकाजवळच कलामहर्षी केकी मूस यांचे घर आता संग्रहालय आहे. १९१२ ते १९८९ या आयुष्यातील अनेक दशके त्यांनी त्या घराबाहेर फारसे न पडता काढली आणि टेबलटॉप छायाचित्रणात मोठे नाव मिळवले. पंजाब मेलची वेळ झाली की ते कोणाच्या तरी वाटेकडे डोळे लावून दार उघडे ठेवत, अशी आठवण चाळीसगावात अजून सांगतात. दमलेल्या पायांना सावलीत हिंडायला आणि डोळ्यांना पाहायला यापेक्षा चांगली जागा नाही. ते उघडे असण्याची वेळ विचारून सहलीत त्याचा समावेश करावा.

पाचापैकी मी चार गुण देते. रोज तासभर चालणाऱ्या, जिना न थांबता चढणाऱ्या कोणालाही ही सहल झेपेल. ज्यांना उतारावर चक्कर येते किंवा ज्यांचा तोल जातो त्यांनी धवलतीर्थाचीही वाट टाळून मंदिराच्या परिसरातच थांबावे, आणि आयोजक तसे थांबू देतात. फेब्रुवारीच्या सहलीसाठी मी आम्हा दोघांची नावे पुन्हा दिली आहेत. या वेळी यजमान गडाकडे येणार आहेत. दोनच दिवसांपूर्वी नव्या सहलीचा कागद आला, त्यावर शौचालयांची ओळ सर्वांत वर आहे आणि शेवटी हाताने लिहिले आहे, “मावशी, स्टूल घेतले आहे.”