बगॅसची वीज की जमिनीतली उष्णता?

घाटाखाली राजापूर, तुरळ, उन्हवरे इथं गरम पाण्याचे झरे आहेत; मग बेळगाव-निपाणीला वीज त्यातूनच का घेऊ नये, असं पुष्कळजण विचारतात. या उष्णतेचा मोठा गुण म्हणजे ती रात्रंदिवस, बारमाही मिळते. पण वापरलेलं पाणी पुन्हा खाली सोडलं नाही तर दाब घटतो, झराही आटू शकतो. शिवाय विजेसाठी देशाची मोठी आशा आहे ती लडाखच्या पुगा खोऱ्यावर. बगॅस, म्हणजे साखर कारखान्यातलं उसाचं चिपाड, मात्र आपल्या दारात आहे. रस निघाला की निम्मं पाणी असलेला हा चोथा पट्ट्यावरून थेट बॉयलरमध्ये जातो. खोट एकच: गळीत हंगाम संपून साठा सरला की वीजही थांबते. तरी आमच्या भागासाठी मी बगॅसच निवडेन. कोकणातली उष्णता तिथल्या काजू-आमसुलांच्या वाळवणाला द्यावी.