सीटीआरआय: गावातून औषध-चाचणी शोधताना

सीटीआरआय (क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया) ही माणसांवरच्या औषध-चाचण्यांची इंटरनेटवरची सरकारी नोंदवही २००७ पासून आहे, पाहायला पैसे लागत नाहीत. सेवाग्राम, सावंगी, नागपूरच्या चाचण्या इथे सापडतात. पण सगळं इंग्रजीत, ही खरी अडचण. कॉलेजातल्या पोराला सोबत बसवा. आधी भरती सुरू आहे का ते बघा, मग वयाच्या आणि वगळण्याच्या अटी. ही माहिती कधीकधी जुनीच राहते, म्हणून गडचिरोलीहून एसटीत बसण्याआधी दिलेल्या नंबरवर फोन कराच. नोंद आहे म्हणजे औषध गुणकारी, असं नव्हे! काही चाचण्यांत बिनऔषधाची गोळीही वाट्याला येते; कुणाला काय, ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं. संमतीपत्र मराठीतच मागा. वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदार हवाच. प्रत घरी आणा. येण्याजाण्याचा खर्च कोण देणार, तेही सहीआधी विचारा.