सर्व्हे पाठवावा की शेजारी जाऊन बसावं?

युजरला नेमकं काय हवंय हे शोधायचं ठरलं की सॉफ्टवेअर बनवणाऱ्या टीमसमोर बहुतेक वेळा दोन वाटा असतात. एक म्हणजे प्रश्नावली पाठवायची, दुसरी म्हणजे युजर काम करत असताना त्याच्या शेजारी जाऊन बसायचं. मी दोन्ही करून पाहिल्या आहेत. सवड एकाच गोष्टीपुरती असेल तर काय निवडावं, याबद्दल माझं मत आता बरंचसं ठरलंय. तुमच्या कामाला ते जसंच्या तसं लागू पडेल असा आग्रह नाही.

सर्व्हेची सोय मोठी आहे. फॉर्म एका दुपारी तयार होतो, शेकडो लोकांपर्यंत जातो आणि प्लॅनिंगच्या मीटिंगमध्ये दाखवायला आकडे मिळतात. पर्याय आधीच माहीत असतील आणि कुठला किती जणांना लागतो एवढंच मोजायचं असेल, तर मी आजही फॉर्मच पाठवेन. त्यातही जपानी गुणवत्ता-तज्ज्ञ नोरिआकी कानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 मध्ये मांडलेली पद्धत वापरून बघा. एकाच फीचरबद्दल दोन प्रश्न विचारायचे: हे असलं तर कसं वाटेल, आणि नसलं तर कसं वाटेल. नुसतं 'हवं का?' विचारलं तर बहुतेक जण 'हो' म्हणतात. नसण्याने कुणाचं अडतं, हे दुसऱ्या प्रश्नातून कळतं.

माझं मन फॉर्मवरून उडालं ते एका बटणामुळे. आम्ही मालसाठ्याच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर करत होतो. सर्व्हेत सगळ्यांत वर आलेली मागणी होती, 'रिपोर्ट एक्सेलमध्ये डाउनलोड करता यावा.' शंकेला जागाच नव्हती. तीन आठवड्यांत बटण दिलं. डाउनलोडचे आकडे दर आठवड्याला चढत गेले आणि आम्ही निर्धास्त झालो.

काही महिन्यांनी भलत्याच एका बगसाठी मी एका युजरबाईंच्या शेजारी बसलो होतो. त्यांनी रिपोर्ट डाउनलोड केला, नको असलेले कॉलम उडवले, एका मालाची शिल्लक शोधली, चिठ्ठीवर लिहून घेतली आणि आमच्याच सॉफ्टवेअरच्या मागणी नोंदवायच्या स्क्रीनवर येऊन तो आकडा टाइप केला. मग पुढच्या मालासाठी पुन्हा तेच. मी विचारलं, रोज असंच करता? म्हणाल्या, "हो, आता सोपं झालंय. पूर्वी प्रिंट काढावी लागायची." मला फार वाईट वाटलं. त्यांना एक्सेल नकोच होतं. मागणी नोंदवताना शिल्लक त्याच स्क्रीनवर दिसायला हवी होती.

फॉर्मची अडचण माझ्या मते हीच. उत्तर येतं ते उपायाच्या रूपात, आणि 'डाउनलोड करून पुढे काय करता?' असं उलट विचारायला समोर कुणी नसतं. मोकळं लिहायला रकाना दिला तरी त्यात उपायच येतो, कारण अडचण युजरच्या अंगवळणी पडलेली असते. ती अडचण आहे हे त्याला जाणवतही नाही. यात कुणी खोटं बोलत नाही. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन यांच्या 1977 च्या शोधनिबंधात एक प्रयोग आहे. पायमोज्यांचे चार हुबेहूब सारखे जोड मांडून लोकांना त्यांतला सर्वांत चांगला निवडायला सांगितला. कल स्पष्टपणे उजव्या टोकाच्या जोडाकडे होता, पण कारण विचारल्यावर मांडणीतल्या जागेचा उल्लेख आपणहून कुणीच केला नाही. आपण एखादी गोष्ट का करतो, हे आपल्यालाच पुरतं ठाऊक नसतं.

शेजारी बसण्याचेही तोटे आहेत. वेळ जातो. कुणी बघतंय म्हटल्यावर माणूस थोडा नेटका वागतो, आणि मागे साहेब उभे असतील तर त्या दिवशी नवं काही हाती लागत नाही. शिवाय चार-पाच जणांकडे पाहून टक्केवारी सांगता येत नाही. 'पाच युजर पुरतात' हे वापरसुलभतेचे तज्ज्ञ याकोब निल्सन यांचं गाजलेलं गणित फक्त सॉफ्टवेअर वापरताना युजर कुठे अडतो, त्या जागा शोधण्यापुरतं आहे. एका युजरकडून सरासरी 31 टक्के अडचणी उघड होतात असं धरलं तर पाच जणांत सुमारे 85 टक्के होतात. गरजा किती आहेत, हे त्यावरून निघत नाही.

तरीही मी आधी बसतो आणि मोजायचं असेल ते नंतर मोजतो. युजरच्या कामाच्या जागी जाऊन निरीक्षण करायची पद्धत मांडणाऱ्या कॅरेन होल्ट्झब्लाट आणि ह्यू बायर यांनी सुचवलेलं नातं मला पटतं: युजर उस्ताद, आपण शिकाऊ उमेदवार. त्यामुळे 'सहसा कसं करता?' असं मी विचारत नाही, 'काल शेवटचं केलेलं काम दाखवता का?' असं विचारतो. चिठ्ठ्या, बाजूची वही, मॉनिटरच्या कडेला चिकटवलेले कागद नीट पाहतो. सॉफ्टवेअरने करायचं राहून गेलेलं काम बहुतेक वेळा तिथेच लिहिलेलं सापडतं.

पुढे आम्ही मागणीच्या स्क्रीनवर मालाच्या नावाशेजारी शिल्लक दाखवायला सुरुवात केली. त्याच महिन्यात डाउनलोडचे आकडे घसरले. नव्याने आलेल्या एका सहकाऱ्याने काळजीने विचारलं, बटण बिघडलंय का? मी त्याला घेऊन त्या बाईंच्या शेजारी जाऊन बसलो.