ठाण्यात 45 हजारांना विकलं गेलेलं ‘आजीवन मुखत्यारपत्र’

बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, वय 76. 2023 च्या पावसाळ्यात त्यांनी दूधवाल्याला एकाच सकाळी दोनदा बिल दिलं. आठवड्याभराने नौपाड्यातून परत येताना रिक्षावाल्याला पंधरा वर्षांपूर्वी सोडलेल्या चाळीचा पत्ता सांगितला. न्यूरोलॉजिस्ट म्हणाले, डिमेन्शियाची सुरुवात आहे. पण तेव्हा बाबा पेपर वाचायचे, हिशेब समजायचा. स्वतःच म्हणाले, “काय कागद करायचेत ते आत्ता करून टाका. पुढे मी काय बोलेन, माझाच मला भरवसा नाही.”

नेमकं त्याच महिन्यात सोसायटीच्या हॉलमध्ये ज्येष्ठांसाठी भाषण झालं. वक्ता ‘एल्डर लॉ सल्लागार’, म्हणजे ज्येष्ठांच्या कायदेशीर बाबींचा सल्लागार. (मी वकील आहे असं तो एकदाही म्हणाला नव्हता, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.) आईला म्हणाला, “काकू, माणसाची बुद्धी गेली की साधं मुखत्यारपत्र बाद होतं. आमचं आजीवन आहे, ते चालूच राहतं.” (मुखत्यारपत्र म्हणजे पॉवर ऑफ अटर्नी, आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद.) यातलं पहिलं वाक्य खरं होतं, म्हणून दुसरंही पटलं.

नोटरीला घेऊन तो घरीच आला. अठरा पानं, सगळी इंग्रजीत, पानापानावर लाल शिक्का. बाबांनी अठराही सह्या केल्या. शेवटी हात थरथरत होता, पण आडनावाखाली मारायची ती रेघसुद्धा प्रत्येक वेळी जागच्या जागी. 45 हजार यूपीआयने गेले, एका बाईंच्या खासगी खात्यात. पावती ‘ऑफिसमधून पाठवतो’. आम्ही प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये कागद ठेवला आणि सुटलो म्हणून निवांत झालो.

नोव्हेंबर 2024 मध्ये हयातीच्या दाखल्यासाठी बाबांना बँकेत नेलं. सहीच्या चौकटीत त्यांनी नुसती रेघ मारली. वर नाव नाहीच. मग मी ऐटीत फोल्डर काढला. अधिकारी बाईंनी पहिलं पान वाचलं आणि हळूच विचारलं, “काका आता स्वतः समजून व्यवहार करू शकतात का?” मी खरं ते सांगितलं. “मग ताई, हे चालणार नाही.”

सल्लागाराला फोन केला. “बँकवाल्यांना कायदा कळत नाही हो.” त्यानंतर त्याने फोन उचललाच नाही.

ठाणे कोर्टात प्रॅक्टिस करणाऱ्या एका वकीलबाईंना कागद दाखवला. अकराव्या पानावर त्यांनी बोट ठेवलं: ‘ऑफिस ऑफ द पब्लिक गार्डियनकडे नोंदणी झाल्यानंतर’. म्हणाल्या, “हे ऑफिस इंग्लंडमध्ये आहे.” तिकडे 2005 च्या कायद्याने असं टिकाऊ मुखत्यारपत्र करता येतं. कुठूनतरी उतरवून घेताना या गृहस्थाने तेवढी ओळ खोडायचेही कष्ट घेतले नव्हते. आपल्याकडे 1872 च्या करार कायद्याचं कलम 201 सांगतं की मुखत्यारी देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की मुखत्यारी संपते. कागदावर ‘आजीवन’ लिहा नाहीतर ‘ड्युरेबल’.

चौदाव्या पानावर तर पोटात गोळाच आला. फ्लॅट विकण्याचे अधिकार, आणि माझ्यानंतरचा पर्यायी मुखत्यार म्हणून त्याचाच भागीदार! इथे मात्र तेच कलम आमच्या कामी येतं, कारण मुखत्यारी माझी संपली तशी त्याचीही संपली. तरी वकीलबाईंच्या सांगण्यावरून वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली, बँकेला आणि सोसायटीला पत्रं दिली. दर महिन्याला नोंदणी विभागाच्या साइटवर ई-सर्चमध्ये आमच्या फ्लॅटची नवी नोंद दिसते का, तेही बघते. पोलिसांत अर्ज दिलाय. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जावं लागतं, तेही केलं.

45 हजारांचं दुःख आता तेवढं नाही. बाबांची सही शाबूत होती ते महिने हातचे गेले, ते जास्त लागतं. तेव्हा त्याच दिवशीच्या डॉक्टरच्या दाखल्यासह मृत्युपत्र करता आलं असतं. पेन्शनचं खातं आईबरोबर ‘दोघांपैकी कोणीही’ पद्धतीने जोडता आलं असतं. ठेवी आणि फ्लॅट खासगी ट्रस्टमध्ये टाकून आई आणि मी विश्वस्त होऊ शकलो असतो. शेवटच्या आजारात व्हेंटिलेटर नको असेल तर लिव्हिंग विलसुद्धा झालं असतं. सुप्रीम कोर्टाच्या 2023 च्या आदेशानंतर त्याला न्यायदंडाधिकारी लागत नाही, नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यातलं पूर्वनिर्देशपत्र (कोणते उपचार हवे-नकोत ते आधीच लिहून ठेवणं) वेगळं. ते मानसोपचारापुरतं असतं, पैशाअडक्याशी त्याचा संबंध नाही. ‘सगळं एकाच कागदात करून देतो’ असं कोणी म्हणालं तर तिथेच उठा.

आता उरलाय हायकोर्टाचा रस्ता. राज्यघटनेच्या कलम 226 खाली बाबांसाठी कायदेशीर पालक नेमण्याचा अर्ज, डॉक्टरांच्या मंडळाची तपासणी, माझ्या भावाचं संमतीपत्र, मालमत्तेची यादी. अर्ज दाखल झालाय, तारखा पडतायत. पेन्शन दर महिन्याला जमा होते. बाबांच्या मोबाइलवर मेसेज येतो, आई तो मोठ्याने वाचून दाखवते, आणि घरखर्च माझ्या पगारातून चालतो.